हद्दवाढ, विकास आराखडा आणि आपली वस्ती : नकाशा वाचायला शिकूया

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका नगरपरिषदेच्या हद्दीला लागून असलेल्या वस्तीत मी दर रविवारी अभ्यासिकेच्या कामासाठी जात असे. सकाळची वंदना आटोपली, लोक पांगायला लागले, तेव्हा बारावीतल्या एका मुलाने माझ्यापुढे मोबाईल धरला. नगरपरिषदेची हद्द वाढली होती आणि नव्या हद्दीचा विकास आराखडा संकेतस्थळावर टाकला होता. मुलाने नकाशा मोठा करून दाखवला आणि म्हणाला, "ताई, यात आपण नाहीच."

खरोखरच नव्हतो. ओढा होता, ओढ्यापलीकडचा रस्ता होता, शाळा होती. जिथे दीडशे घरं, समाजमंदिर आणि चाळीस वर्षांपूर्वी वर्गणी काढून बांधलेला विहार उभा आहे, तिथे हिरवा रंग आणि 'उद्यान' असा शब्द होता. हरकती देण्याची मुदत संपायला अकरा दिवस राहिले होते. वस्तीत एकाही घराला याची खबर नव्हती. त्या नगरपरिषदेचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एका गावापुरतं नाही.

त्या अकरा दिवसांत आम्ही जे शिकलो ते आधीच माहीत असतं तर बरंच काही वाचलं असतं. समाजशास्त्रात एम.ए. करूनही मला तोवर 'विद्यमान जमीन वापर नकाशा' म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. म्हणून हा लेख.

शहराची हद्द कोण ठरवतं

आपल्याकडे शहर वाढतं ते दोन पावलांत. आधी लोक येतात, प्लॉट पडतात, चाळी उभ्या राहतात. मग दहा-पंधरा वर्षांनी सरकार अधिसूचना काढतं की ही गावं आता शहरात. याला आपण हद्दवाढ म्हणतो. महापालिकेसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आणि नगरपरिषदेसाठी १९६५चा नगरपरिषद अधिनियम यांखाली राज्य सरकारला हा अधिकार आहे. अधिसूचनेचा मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. पण गावात तेव्हा चर्चा होते ती घरपट्टी वाढेल का, सरपंचपद जाईल का, याची. गावकुसाबाहेरच्या वस्तीचं काय होईल हा प्रश्न ग्रामसभेत क्वचितच येतो.

पुण्याचं उदाहरण घेऊ. १९९७मध्ये ३८ गावं महापालिकेत घेतली, विरोध झाल्यावर त्यातली काही २००१मध्ये वगळली. ऑक्टोबर २०१७मध्ये ११ गावं आली : धायरी, उंड्री, शिवणे, उत्तमनगर, दोन्ही आंबेगावं वगैरे. ३० जून २०२१ला आणखी २३ गावं आली आणि पुणे महापालिकेचं क्षेत्रफळ सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झालं, मुंबईपेक्षाही जास्त. पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावं पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. हीच ती गावं, ज्यांच्या शिवारात शहराचा कचरा वर्षानुवर्षं टाकला गेला.

यात एक गोष्ट लोकांना चक्रावून टाकते. २०२१ला आलेल्या २३ गावांचा कर महापालिका घेणार, पण विकास आराखडा करण्याचा अधिकार सरकारने पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला दिला. पीएमआरडीएने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपूर्ण प्रदेशाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. हरकतींचा ढीग पडला, सुनावण्या झाल्या, आणि २०२५मध्ये तो आराखडाच रद्द करण्यात आला. चार वर्षं लोक आपल्या प्लॉटवर रस्ता आहे की आरक्षण आहे या विचारात घर बांधायचे थांबले किंवा न थांबता बांधून मोकळे झाले. ज्याच्याकडे पैसा आहे तो थांबू शकतो. रोजंदारीवरचा माणूस पावसाळ्याआधी पत्रे घालतोच.

जगात काही ठिकाणी उलट पद्धत आहे. शहर कुठवर वाढेल ती सीमा आधी आखायची, आतल्या जमिनीवर घरं बांधायची आणि बाहेरची शेती राखायची. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९७३च्या कायद्याने प्रत्येक शहराला अशी सीमा आखणं बंधनकारक केलं. पोर्टलंड महानगराची सीमा १९७९मध्ये ठरली. आत पुढच्या वीस वर्षांच्या घरांना पुरेल इतकी जमीन हवी, असा तिथला नियम आहे आणि ठराविक वर्षांनी हिशोब तपासून सीमा थोडी सरकवली जाते. शेती बरीच वाचली. पण सीमेच्या आत कोणाला घर मिळणार, हे नुसत्या सीमेने ठरत नाही. पोर्टलंडच्या अल्बिना भागातली कृष्णवर्णीय कुटुंबं आधी रस्ते, स्टेडियम आणि इस्पितळाच्या प्रकल्पांनी आणि पुढे वाढत्या भाड्यांनी तिथून बाहेर ढकलली गेली. शहराच्या बऱ्याच भागात एका प्लॉटवर एकच घर बांधायचा नियम होता. तो मोडून जास्त घरांना वाट देणारा कायदा राज्याला २०१९मध्ये करावा लागला. सीमा आखली आणि आतल्या घरांचा विचार केला नाही तर सगळ्यात आधी कोण बाहेर पडतं, हे सांगायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही, पण तिथलं उदाहरण हाताशी असलेलं बरं. आपल्याकडे नियोजनाच्या चर्चेत पोर्टलंडचं नाव आदराने घेतात, अल्बिनाचं घेत नाहीत.

गावठाणाची जुनी रेघ

शहराची हद्द येण्याच्या कितीतरी आधी गावाला एक हद्द होती. गावठाण. महारवाडा बहुतेक गावांत त्या हद्दीच्या बाहेर किंवा अगदी काठावर. आज आपण तिथे भीमनगर, सिद्धार्थनगर अशी नावं दिली, पण महसुली कागदावर जागा कुठे गायरान, कुठे वतनाची, कुठे ओढ्याकाठची सरकारी पड अशीच राहिली. याचा थेट परिणाम आजच्या घरावर होतो.

गावठाणातल्या घराला मालकीचा कागद मिळणं सोपं आहे. २०२०पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रकं दिली जात आहेत, ती गावठाणातल्या घरांना. जमीन महसूल संहितेत २०१७नंतर गावठाणापासून २०० मीटरच्या आतल्या खासगी जमिनीला बिगरशेतीची वेगळी परवानगी लागत नाही. गायरानावरच्या घराला यातलं काहीच लागू होत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ला त्या घराची नोंद असते, घरपट्टी भरलेली असते, वीजबिल असतं. पण नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही.

हीच अडचण रमाई आवास योजनेत येते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठीची ही योजना शहरी भागात अडीच लाख रुपयांपर्यंत अनुदान देते, पण स्वतःच्या जागेचा कागद मागते. ज्याला घर सगळ्यात जास्त हवं त्याच्याकडेच जागेचा कागद नसतो. गावात असताना जागा घ्यायला अर्थसहाय्य देणारी योजना आहे, ती ग्रामीण भागापुरती. गाव शहरात गेलं की ती वाटही बंद होते. हद्दवाढीच्या अधिसूचनेवर तारीख पडते त्या दिवशी एका कुटुंबाची पात्रता बदलते आणि त्या कुटुंबाला ते वर्षभराने, अर्ज परत आल्यावर कळतं.

वतनाच्या जमिनीचं प्रकरण अजून गुंतागुंतीचं आहे. महार वतन म्हणजे गुलामीचा करार आहे, हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं. १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं. वतनं प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने. जमिनी जुन्या वतनदारांना परत द्यायच्या, पण त्यासाठी ठरलेली रक्कम भरायची, आणि त्यानंतरही जमीन 'नवीन शर्तीची', म्हणजे आजच्या भाषेत भोगवटादार वर्ग-२. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, बिगरशेती करायची तर मोठा नजराणा. ज्यांना रक्कम भरता आली नाही त्यांच्या सातबाऱ्यावर सरकारचं नाव लागलं.

ही जमीन गावाबाहेर होती तोवर कुणाला नको होती. शहराची हद्द जवळ आली की तीच जमीन सोन्याची होते. आराखड्यात अमुक गट नंबर निवासी विभागात जाणार, ही खबर वारसांच्या आधी एजंटाला असते. तो शंभर-दीडशे वारसांच्या घरी फिरतो, थोडे पैसे हातावर ठेवतो आणि कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतो. नोव्हेंबर २०२५मध्ये पुण्याच्या मुंढवा भागातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, गुन्हे नोंदले गेले, चौकशी समिती बसली. बातम्यांत चर्चा झाली ती व्यवहार कोणी केला याची. ही जमीन मुळात कोणाची होती आणि वारसांना काय मिळालं, हा प्रश्न मागेच राहिला. आपल्या घरात आजोबांच्या नावाचा जुना सातबारा, फेरफार किंवा वतनाचा उतारा पडला असेल तर तो बाहेर काढा. अर्थ कळेपर्यंत कशावरही सही करू नका.

आराखडा तयार होतो कसा

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा आराखड्याचा पाया आहे. भाषा क्लिष्ट आहे, पण क्रम साधा आहे.

कलम २३खाली नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिका, नगरपरिषद किंवा पीएमआरडीएसारखी संस्था, आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. कलम २५खाली आज कुठल्या जमिनीचा काय वापर आहे याचं सर्वेक्षण होऊन नकाशा तयार होतो. हाच तो विद्यमान जमीन वापर नकाशा. मग कलम २६खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती व सूचना मागवल्या जातात. मुदत बहुधा ३० दिवसांची असते, कधी वाढवली जाते. जाहिरातीत छापलेली तारीख हीच खरी धरायची. कलम २८खाली नियोजन समिती सुनावणी घेते. त्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जाणकार असतात. समितीच्या अहवालानंतर बदल करून आराखडा सरकारकडे जातो आणि कलम ३१खाली मंजूर होतो. सरकारला त्यात मोठे बदल करायचे असतील तर तेवढ्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात.

या सगळ्यात आपली माणसं शिरतात ती शेवटी, जेव्हा अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी वस्तीच्या तोंडाशी उभी राहते. तेव्हा आंदोलन होतं, आमदारांना निवेदन दिलं जातं, चार दिवस कारवाई थांबते. पण नकाशात तिथे रस्ता किंवा उद्यान मंजूर झालेलं असेल तर न्यायालयातही बाजू लंगडी पडते, कारण समोरचा वकील एकच प्रश्न विचारतो : तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती का?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा कलम २६ नाही, कलम २५ आहे. प्रारूप आराखडा आखणारा माणूस वस्तीत येत नाही. तो विद्यमान जमीन वापर नकाशा समोर ठेवतो. त्यात मोकळी जमीन दिसली तर तिथे आरक्षण टाकणं हे त्याच्या दृष्टीने चूक नाहीच. मुंबईत २०१४ ते २०३४ या काळासाठीचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५मध्ये आला तेव्हा असल्या चुका इतक्या निघाल्या, उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तू नकाशात नसलेल्या, की दोनच महिन्यांत मुख्यमंत्र्यांना तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला. सुधारित आराखडा २०१६मध्ये आला आणि मंजुरी २०१८मध्ये मिळाली. पुण्यात जुन्या हद्दीच्या २०१३च्या प्रारूप आराखड्यावर ८० हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. म्हणजे हरकतींनी काही होत नाही, हे खरं नाही. प्रश्न इतकाच की त्या हजारोंमध्ये सोसायट्यांच्या किती आणि वस्त्यांच्या किती.

आणखी एक. २०२२नंतर कित्येक वर्षं पुणे-मुंबईसह बहुतेक महापालिकांवर लोकनियुक्त सभागृह नव्हतं, प्रशासक होते. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने नगर नियोजन आणि झोपडपट्टी सुधारणा हे विषय बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहराच्या स्थानिक सरकारच्या यादीत आणले. नगरसेवक चांगला असो वा वाईट, निदान त्याच्या दारात जाता येतं. नगर रचना विभागाच्या दारात शिपाई चिठ्ठी मागतो.

नकाशात काय पाहायचं

रंग आणि शब्द यांना घाबरू नका. कोपऱ्यात सूची असते, ती आधी वाचा. पिवळा बहुधा निवासी विभाग, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक. हिरवा शेती, उद्यान किंवा ना-विकास क्षेत्र असू शकतो, म्हणून हिरव्यावर विशेष लक्ष ठेवायचं. रंग हा विभाग झाला. त्यावर क्रमांक आणि सीमा आखून जे लिहिलेलं असतं ते आरक्षण. इथे आरक्षण म्हणजे नोकरीतलं नव्हे. ही जागा शाळेसाठी, दवाखान्यासाठी, उद्यानासाठी राखली आहे, असा त्याचा अर्थ. जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७खाली नोटीस देऊन आरक्षण उठवून घेऊ शकतो. मालक, राहणारा नव्हे. म्हणून मोठ्या जमीनमालकांवरची आरक्षणं सुटतात आणि वस्तीवरची तशीच राहतात.

नकाशावर आधी आपला गट नंबर किंवा सर्व्हे नंबर शोधायचा. मग घरं, विहार, समाजमंदिर, अंगणवाडी, सार्वजनिक नळ, शौचालय आणि स्मशानभूमी यातलं काय दाखवलंय आणि काय नाही याची वहीत यादी करायची. स्मशानभूमी लोक हमखास विसरतात. अनेक गावांत आपली स्मशानभूमी अजूनही वेगळी आहे. नकाशात गावाची दाखवली आणि आपली दाखवली नाही तर दहा वर्षांनी तिथे इमारत असेल आणि मयत घेऊन जायचं कुठे, यावरून भांडण होईल.

विहाराचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २००९च्या आदेशानंतर सार्वजनिक जागेवरच्या धार्मिक बांधकामांच्या याद्या झाल्या. विहार नकाशात 'सार्वजनिक-निमसार्वजनिक' वापरात दाखवला असेल तर बोलायला आधार मिळतो. नसेल तर तो फक्त अनधिकृत बांधकामांच्या यादीतला एक क्रमांक राहतो.

गायरानाबाबत एक कायदेशीर धागा लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११मध्ये जगपाल सिंग खटल्यात गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितलं आणि महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी त्यावर आदेश काढला. अधिकारी हा निकाल आपल्याला दाखवतात. पण त्याच निकालात अपवादही सांगितले आहेत : भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेने पट्टा दिलेला असेल तर, किंवा त्या जागेवर आधीच शाळा, दवाखाना वा लोकोपयोगी सोय असेल तर. तो परिच्छेद छापून हरकतीला जोडा. ज्यांच्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकातले पट्ट्याचे कागद आहेत त्यांनी ते आजच शोधावेत.

खासगी जमिनीवर गुंठा-अर्धा गुंठा घेतलेल्यांसाठी २००१चा गुंठेवारी कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या बांधकामांना तो खुला झाला. मराठवाड्यातून पुण्याला, सोलापुरातून पिंपरी-चिंचवडला आलेल्या कितीतरी बौद्ध कुटुंबांची घरं अशीच नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरवर उभी आहेत. नियमितीकरण आपोआप होत नाही. अर्ज आणि पैसे भरावे लागतात, आणि जागेवर आरक्षण किंवा रस्ता पडला असेल तर अर्ज अडकतो. म्हणजे पुन्हा नकाशाच.

घरं मागायची, नुसती वाचवायची नाहीत

आपल्या बहुतेक हरकती 'आमचं घर पाडू नका' एवढ्याच असतात. ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. आराखडा पुढच्या वीस वर्षांसाठी असतो. आज दीडशे घरं आहेत, मुलांची लग्नं झाल्यावर अडीचशे लागतील. ती कुठे जाणार? म्हणून सूचना द्यायची असते. हद्दीतली अमुक सरकारी जमीन गरिबांच्या घरांसाठी राखा, असं गट नंबर लिहून मागायचं. आराखड्यात आर्थिक दुर्बल घटकांच्या घरांसाठी आरक्षण टाकता येतं. कायद्यात त्याला जागा आहे, मागणारा लागतो.

मोठ्या शहरांत आणखी एक तरतूद आहे. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्या विकासकाने २० टक्के छोटी घरं किंवा भूखंड अल्प व दुर्बल उत्पन्न गटासाठी ठेवायचे आणि ते म्हाडाच्या सोडतीतून द्यायचे. सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के राखीव असतात. हद्दवाढीत आलेल्या गावांत टोलेजंग प्रकल्प उभे राहतात, तिथे ही २० टक्के घरं कुठे बांधली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. आपले किती तरुण सोडतीचा अर्ज भरतात? मी विचारते तेव्हा बहुतेकांना वाटतं ती मुंबईची गोष्ट आहे.

'कुठे राहायचं' हा प्रश्न बाबासाहेबांनी नियोजनाचा प्रश्न म्हणूनच पाहिला होता. १९४२च्या नागपूर परिषदेत अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी वसाहत आयोग नेमून सरकारी पडीक जमिनीवर या वसाहती वसवाव्यात, असं लेखी मांडलं. जातीपासून सुटका करायची तर जमिनीच्या नकाशात बदल करावा लागेल, एवढा सरळ त्याचा अर्थ. आपण त्यांची गावाविषयीची टीका भाषणात सांगतो, ही मागणी क्वचितच सांगतो.

एक मतभेदाचा मुद्दाही सांगते. उद्यानाचं आरक्षण दिसलं की ते उठवा म्हणायची आपल्याला सवय लागते. पण आपल्या वस्तीतल्या पोरांना खेळायला जागा नाही, हेही खरं. आरक्षण सरकवायला सांगा, लहान करायला सांगा, शेजारची पर्यायी जागा दाखवा. नुसतं 'रद्द करा' म्हटलं की समितीला ते रद्द न करायचं कारण आयतंच मिळतं.

त्या अकरा दिवसांत काय झालं

आम्ही विहारात टेबल टाकलं. प्रत्येक घराची स्वतंत्र हरकत लिहिली, कारण सामुदायिक अर्जाला एकच क्रमांक मिळतो आणि सुनावणीही एकच. अर्जात गट नंबर, नकाशाच्या पानाचा क्रमांक, घर किती वर्षांपासून आहे आणि नेमकं काय हवं हे चार ओळींत. सोबत नमुना ८, जुनं वीजबिल, मतदार यादीतलं पान, मुलांच्या शाळेचा दाखला. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं पाहता येतात हे त्याच बारावीतल्या मुलाने शोधून काढलं. वीस वर्षांपूर्वीच्या चित्रात आमचे पत्रे चकाकत होते. ते चित्र प्रत्येक अर्जाला जोडलं.

चूकही झाली. पंचवीस-तीस अर्जांवर पत्ता नुसता 'भीमनगर' असा होता. सुनावणीची पत्रं टपालाने आली, ती पोचलीच नाहीत. आता मी अर्जावर मोबाईल क्रमांक, ईमेल आणि पोचेल असा एक पत्ता लिहायला लावते आणि पोचपावतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू देत नाही.

सुनावणीत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळाली. बायका चांगल्या बोलल्या. एका आजींनी समितीला विचारलं की उद्यानात आम्ही सकाळी फिरायला यायचं की झाडायला. सगळे हसले, पण अध्यक्षांनी त्यानंतर नकाशा मागवून पाहिला.

समितीच्या अहवालानंतर जो बदललेला नकाशा आला त्यात विहार आणि समाजमंदिर दिसतं. साधारण शंभर घरं निवासी विभागात आली. ओढ्याकडची पन्नासेक घरं अजून हिरव्यातच आहेत आणि त्यांच्या मागून एक नवा रस्ता आला आहे, जो आधीच्या नकाशात नव्हता. तो कुणाच्या सूचनेवरून आला, हे आम्ही माहितीच्या अधिकारात विचारलं आहे. आराखडा आता सरकारकडे आहे. मंजुरीची अधिसूचना निघेल तेव्हा तिच्यासोबत बदलांची यादी येईल आणि पुन्हा महिनाभराची मुदत असेल, म्हणून वस्तीतल्या दोन मुली दर सोमवारी राजपत्राचं आणि नगर रचना विभागाचं संकेतस्थळ उघडून पाहतात. पन्नास घरांचे अर्ज लिहून तयार आहेत, फक्त तारीख टाकायची बाकी आहे.